पार्टी, वय आणि कायदा: वाचकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की खान्देशात मळ्यामळ्यांत भरताच्या पार्ट्या सुरू होतात आणि फेब्रुवारीपासून गॅदरिंग, फेअरवेलचा मोसम. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय पुन्हा पुन्हा आहे: कॉलेजची मुलं, दारू आणि वयाचा नियम. निवडक प्रश्नांना आमच्या कायदा आणि आरोग्य सल्लागारांनी मिळून उत्तरं दिली आहेत. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: मी २२ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्राच्या मळ्यात फेअरवेलची भरीत पार्टी ठरली आहे. दोन-तीन क्रेट बिअर आणायचा विचार आहे. शेत मित्राचं स्वतःचं, खासगी. मग पोलिसांचा संबंध येतो का? (विद्यार्थी, जळगाव)

येतो. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) रस्ता आणि शेत असा भेद करत नाही. आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो. तो मिळण्याचं वय व्हिस्की, रम, व्होडका, देशी यांसाठी २५ पूर्ण आणि सौम्य बिअर, वाइनसाठी २१ पूर्ण. दुकानदार परवाना विचारत नाही म्हणून तो लागत नाही, असं बहुतेकांना वाटतं. काउंटरवर नियम पाळला जात नाही हे खरं आहे आणि ते वाईट आहे, पण त्यामुळे तुमची जबाबदारी कमी होत नाही. विनापरवाना बाळगणं किंवा पिणं कलम ६६ (१) (ब) मध्ये येतं. स्थानिक बातम्यांत ‘६५ ई’ वाचायला मिळतं, ते विनापरवाना विक्री, खरेदी आणि साठ्याबद्दलचं कलम आहे.

आता तुमच्या बेताकडे पाहू. वर्गणी काढायची आणि एकाने मोटारसायकलवर क्रेट आणायचे, असंच बहुधा ठरलं असेल. नाकाबंदीत अडतो तो हाच मुलगा. पैसे सगळ्यांचे असले तरी साठा त्याच्या ताब्यात सापडतो आणि गुन्हा त्याच्या एकट्याच्या नावावर चढतो. मळ्याच्या मालकाने ‘जागेचे’ म्हणून पैसे घेतले तर ती जागा कायद्याच्या भाषेत सार्वजनिक मद्यपानगृह ठरू शकते. मग मालकावर कलम ६८ आणि तिथे सापडलेल्यांवर कलम ८४. हायवेवरच्या ढाब्यांवर शेवभाजीसोबत बाटली उघडणाऱ्यांवर कारवाई होते ती याच दोन कलमांखाली. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून कार्यक्रमासाठी एका दिवसाचा परवाना काढता येतो, पण त्याने पिणाऱ्याचं वय बदलत नाही. तुमच्या वर्गात काही जण २१ चे, काही २० चे, आणि पार्टीला येणारे ज्युनिअर १८-१९ चे. ज्याला २१ पूर्ण आहेत आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्याच्यापुरती सौम्य बिअर कायद्यात बसते. बाकीच्यांसाठी नाही. म्हणून वर्गाची म्हणून जी पार्टी आहे तिच्यात बाटली नको, हे आमचं स्पष्ट मत.

आणखी एक गोष्ट, कायद्याच्या बाहेरची. मळ्यात रात्री विहीर असते, तिला बऱ्याचदा कठडा नसतो. वांगी भाजून झालेल्या काड्यांचा विस्तव वरून राखेने झाकलेला, आतून धगधगता असतो. पार्टी दारूविना असली तरी विहिरीकडच्या बाजूला एक दिवा लावा, दोरी बांधा आणि निघताना विस्तवावर पाणी ओता.

प्रश्न: एक बिअर घेतली तर गाडी चालवता येते ना? दोन तासांनी उतरते असं सगळे म्हणतात. (विद्यार्थी, धुळे)

सगळे चुकीचं सांगतात. ३० मिलीचा एक पेग (४२.८ टक्क्यांचा) म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत, ८ टक्के धरले, तर सुमारे ४१ ग्रॅम असतं, म्हणजे चार पेग. ५ टक्क्यांच्या सौम्य बिअरच्या तेवढ्याच बाटलीत अडीच पेग, तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहा. देशीवर आणि विदेशीवर टक्के बहुधा सारखेच छापलेले असतात. ‘देशी हलकी’ हा गैरसमज आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ६० किलो वजनाच्या मुलाने एक स्ट्राँग बिअर भरभर संपवली तर रक्तातलं प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे मर्यादेखाली यायला चार-पाच तास लागतात, दोन नव्हे. क्वार्टरला आठ तास धरा. रात्री बाराला क्वार्टर संपवून सकाळी सातला कॉलेजला निघालेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने अजून प्यायलेलाच असू शकतो. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, वजनही बहुधा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूत प्रमाण आणखी चढतं आणि उतरायला वेळ जास्त लागतो. हे सगळे अंदाज आहेत. पोट रिकामं असेल तर चढ जलद होतो. लिंबूपाणी, कॉफी, आंघोळ, उलटी यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही.

पकडलं तर काय होतं? आधी श्वासाची चाचणी. मर्यादा ओलांडलेली आढळली तर वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. सिव्हिल हॉस्पिटलात रक्ताचा नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत जातो. फुंकायला नकार देऊन सुटका होत नाही, उलट तो नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध जातो. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, त्यानंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स निलंबनासाठी आरटीओकडे जातं ते वेगळंच. नशेत अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा नाकारला जातो.

म्हणून मोटारसायकलवर जायचं असेल तर न पिणारा कोण, हे घरून निघण्याआधी ठरवा आणि चावी त्याच्याकडे द्या. पार्टीत बसल्यावर ठरवलेलं टिकत नाही.

प्रश्न: पार्टीत एखादा बेशुद्ध पडला तर नेमकं काय करायचं? दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल म्हणून आमच्याकडे त्याला रूमवर झोपवून टाकतात. (विद्यार्थिनी, शिरपूर)

या अंकातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ हे वाक्य जीव घेतं. शेवटचा घोट पोटात गेल्यावरही अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ, रक्तातलं प्रमाण चढतच असतं. झोपलेला मुलगा दहा मिनिटांनी आणखी खोल जाऊ शकतो. उलटी श्वासनलिकेत गेली की गुदमरतो. रक्तातली साखर उतरते, आणि उपाशीपोटी प्यायलेल्या सडपातळ मुलांत ती लवकर उतरते.

खांदा जोराने हलवून, नाव घेऊन हाक मारा. डोळे उघडून उत्तर देत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडत असेल, ओठ-नखं निळसर किंवा अंग गार पडलं असेल, झटका आला असेल किंवा झोपेतच उलटी होत असेल, तर यातली एकही खूण पुरे आहे. सगळ्या दिसायची वाट न पाहता १०८ लावा. शेतात असाल तर गट नंबर सांगून उपयोग नाही. जवळचा फाटा, पाटचारी, मंदिर सांगा आणि एकाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. खालचा हात पुढे, वरचा हात गालाखाली, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे टेकवा म्हणजे तो उताणा होणार नाही. तोंड जरा खाली झुकलेलं असू द्या. एकाने सतत शेजारी बसायचं आणि श्वास मोजायचे. मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही, चालवायचं नाही, कॉफी पाजायची नाही. डॉक्टरांना काय प्यायला, किती, शेवटचा पेग कधी, सोबत झोपेच्या किंवा इतर कसल्या गोळ्या होत्या का, हे खरं सांगा. बाटली सोबत न्या.

एप्रिल-मेच्या पार्टीत आणखी एक धोका असतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दारूने लघवी वाढते, शरीर कोरडं पडतं आणि उष्माघाताची बडबड, अडखळणं ‘चढली’ म्हणून सोडून दिलं जातं. अंग तापलेलं असेल आणि मुलगा असंबद्ध बोलत असेल तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या कापडाने पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. धरणाच्या पाण्यात तर दारू घेऊन मुळीच उतरू नका.

हातभट्टीची किंवा बिनलेबलची दारू असेल तर दुसऱ्या दिवशीही सावध राहा. मिथेनॉलची विषबाधा १२ ते २४ तासांनी दिसते: पोटात कळा, डोळ्यांपुढे धुकं, धाप. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत अशा दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. डोळ्यांची तक्रार आली की थेट जिल्हा रुग्णालय गाठा. उपचार आहे, पण तो तासांवर अवलंबून आहे.

राहिली पोलिसांची भीती. रुग्णालय एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद करू शकतं. ती नोंद आहे, आरोपपत्र नव्हे. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. मित्राचा श्वास चालू राहणं आणि तुमच्यावर एखादा दंड बसणं यांत तुलना होऊच शकत नाही.

प्रश्न: मी वसतिगृहाचा रेक्टर आहे. कडक राहिलो तर मुलं बाहेर जाऊन पितात, सैल सोडलं तर आत. वयाचा नियम लागू कसा करावा? (धुळे)

सर, रात्री उशिरा आलेल्या मुलाला गेटवरून परत पाठवणं आधी थांबवा. दहाला गेट बंद, नंतर प्रवेश नाही, हा नियम कागदावर शिस्तीचा दिसतो. प्रत्यक्षात अकराला पोहोचलेली मुलं परत आग्रा रोडवर जातात, ढाब्यावर पहाटेपर्यंत थांबतात आणि तीनला डुलक्या घेत गाडी चालवतात. उशीर झाला तर रजिस्टरमध्ये वेळ आणि सही घ्या, दुसऱ्या दिवशी जाब विचारा, पालकांना कळवा. पण त्या रात्री आत घ्या.

मग लेखी नियम करा की बेशुद्ध साथीदारासाठी मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी ती मागितली त्याच्यावर त्या प्रसंगातल्या पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. समुपदेशन होईल, पालकांशी बोलणं होईल, निलंबन नाही. हा नियम सूचनाफलकावर मराठीत लावा. तोंडी आश्वासनावर मुलं विश्वास ठेवत नाहीत आणि त्यांचं चुकतही नाही, कारण तोंडी दिलेला शब्द प्राचार्य बदलले की मोडतो.

खोलीची तपासणी एकट्याने करू नका. दुसरा कर्मचारी सोबत, खोलीतला विद्यार्थी हजर आणि काय सापडलं त्याची जागेवर नोंद, सगळ्यांच्या सह्यांनिशी. अंगझडती, मारहाण, बाटलीसोबत फोटो काढून ग्रुपवर टाकणं हे पूर्ण बंद. यातून पालकांची तक्रार तुमच्याचवर उलटते आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. रोख दंडही नको, कारण पैसेवाल्या मुलाला तो फक्त पार्टीचा खर्च वाटतो. निलंबित मुलाला रात्रीच्या एसटीत बसवून देऊ नका, सकाळी पालकांच्या हवाली करा.

सीनिअरांनी ज्युनिअरला ‘इंट्रो’च्या नावाखाली पाजलं असेल तर ते शिस्तभंगापुरतं राहत नाही, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरलेल्याला काढून टाकून पाच वर्षं कुठल्याही संस्थेत प्रवेश देता येत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं हे संस्थाप्रमुखाचं कर्तव्य आहे. ते टाळलं तर तो स्वतः गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे प्रकरण गुन्ह्याचं असेल तर चोवीस तासांत एफआयआर दाखल व्हायला हवा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. ‘मुलांचं भांडण होतं, मिटवलं’ अशी नोंद कृपा करून करू नका.

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा, अकरावीला, खोली करून राहतो. वाढदिवसाला मोठ्या मुलांनी त्याला बिअर पाजली आणि तो स्कूटी चालवत आला. मी कोणाला जाब विचारू? (आई, शहादा)

ताई, पाजणाऱ्याला. १८ खालच्या मुलाला दारू देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे: ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाखापर्यंत दंड. यात पाजणारा २० वर्षांचा मित्र येतो तसाच विकणाराही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघं गेली, तेव्हा त्याला दारू देणाऱ्या बारच्या माणसांनाही अटक झाली होती.

स्कूटीबद्दल मात्र बोट तुमच्याकडे येतं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ खाली पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. चावी आजच घरी आणा. खोलीमालकाला भेटून तुमचा नंबर द्या. मुलाशी बोलताना एक वाक्य नक्की सांगा: काहीही झालं असलं तरी रात्री फोन कर, त्या रात्री मी ओरडणार नाही. आणि ते पाळा. तक्रारीसाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८.

प्रश्न: थर्टी फर्स्टला दारूबंदीची केस झाली. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला की विषय संपतो असं सांगतात. मी पोलीस भरतीची तयारी करतोय. (चाळीसगाव)

थांबा. कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी. तो ट्रॅफिकचा चलान नव्हे, चारित्र्य पडताळणीत तो दिसतो. कबुली देण्याआधी वकिलाला भेटा. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात मोफत वकील मिळू शकतो, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना व महिलांना उत्पन्नाची अट नाही. खटला लढण्यासारखा आहे का, की १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा) लाभ मागावा, हे तो कागद पाहून सांगेल. या कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, पण तो लाभ न्यायालयाकडे मागावा लागतो.

भरतीच्या फॉर्ममध्ये खटल्याबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार किरकोळ गुन्ह्याबाबत नेमणूक करणारं खातं सौम्य विचार करू शकतं, पण माहिती दडवणं हेच उमेदवारी रद्द करायला कारण होऊ शकतं. मेहनतीने धावून मिळवलेले मार्क अशा एका रिकाम्या रकान्यापायी घालवू नका.

प्रश्न: मुलगी एमएससाठी अमेरिकेला चालली आहे. तिथल्या कॉलेज पार्ट्यांबद्दल ऐकून काळजी वाटते. नियम काय? (वडील, भुसावळ)

तिथे १९८४ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर सगळ्या राज्यांत दारूचं वय २१ आहे. नियम काउंटरवर खरोखर पाळला जातो, ओळखपत्र मागतात, आणि खोटं ओळखपत्र हा वेगळा गुन्हा. तुमची मुलगी २२ची असेल तर तिला स्वतःला अडचण नाही. अडचण इथे येते: घरात किंवा पार्टीत १९ वर्षांचा पदवीचा विद्यार्थी असेल आणि तिने त्याच्यासाठी बिअर विकत आणली किंवा ग्लास भरून दिला, तर गुन्हा तिचा. आपल्याकडून गेलेली मुलं वयाने मोठी म्हणून त्यांनाच आणायला सांगितलं जातं. ‘नाही’ म्हणायला आधीच शिकवा.

गाडीची मर्यादा बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के, म्हणजे आपल्या मापाने ८० मिलिग्रॅम, तर यूटामध्ये ०.०५. २१ खालच्यांना ०.०२ किंवा त्याहूनही कमी. ही मर्यादा आपल्यापेक्षा सैल वाटते, पण परिणाम कडक आहेत: प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही विद्यार्थी व्हिसा रद्द होऊ शकतो. पोलिसांखेरीज विद्यापीठाची शिस्त समिती वेगळी चौकशी करते. चांगली बाजू ही की बऱ्याच राज्यांत बेशुद्ध मित्रासाठी ९११ लावणाऱ्या अल्पवयीनाला पिण्याबद्दलच्या कारवाईतून सूट आहे. तिच्या राज्यात नियम काय, हे विद्यापीठाच्या विद्यार्थी आचारसंहितेत पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यायला सांगा.

प्रश्न: आम्ही नवापूरचे, कॉलेज सुरतला. सुट्टीत इकडे घेऊन परत गेलो तर? (नवापूर)

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. सीमेपलीकडे बाटली सापडली तर गुन्हा, आणि बाटली नसली तरी प्यायलेल्या अवस्थेत सापडणं हाही गुन्हा. तिथे श्वासानंतर रक्ताची तपासणी होते. इकडचा परवाना तिकडे चालत नाही. उच्छलच्या बाजूला गाड्या थांबवून तपासतात. ज्या दिवशी सीमा ओलांडायची, त्याच्या आदल्या संध्याकाळपासून काही घेऊ नका, आणि मित्राची बॅग ‘फक्त सोबत ने’ म्हणून दिली तर ती आधी उघडून बघा.